मागाच्या खड्ड्यातलं फर्न

जवाहरनगरच्या फॅक्टरीच्या स्टाफ क्वार्टरमध्ये सेवकराम ठेकेदारामार्फत माळीकाम करायचा. मूळचा तो विणकर. भंडाऱ्यात कोष्ट्यांच्या वस्तीत त्याचं घर होतं. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी सूत वेळेवर मिळेनासं झालं, तेव्हा त्यानं माग सोडला. आधी काही वर्षं मिळेल ते काम केलं आणि मग झाडांच्या कामाला लागला. हात मुळातच हळुवार होता, त्यामुळे रोपं त्याच्या हाताला चांगली लागायची. त्याची बायको कौशल्याबाई मात्र मागावर बसतच राहिली.

२०१५च्या पावसाळ्यात टाइप फोरच्या एका क्वार्टरमध्ये रीता मॅडम राहायला आल्या. त्यांचे साहेब निलगिरीच्या डोंगरातल्या अशाच एका फॅक्टरीतून बदलून आले होते. सामानाच्या ट्रकमधून पलंग, कपाटं उतरली आणि सगळ्यात शेवटी ओल्या पोत्यात गुंडाळलेलं एक झाड उतरलं. वीतभर उंचीचं काळपट, केसाळ खोड आणि माथ्यावर छत्रीसारखी पसरलेली बारीक कातरलेली पानं. सेवकरामला वाटलं, नारळाची वेगळी जात असेल. मॅडमनी सांगितलं की हे फर्न आहे, पण झाडासारखं वाढणारं. डोंगरात ह्याची माणसाच्या दुप्पट उंचीची झाडं असतात.

ते झाड त्यांनी स्वतः केलेलं होतं. फर्नला फूल नाही, बी नाही. पानाच्या मागे तपकिरी भुकटी धरते. ती त्यांनी कागदावर झाडून घेतली होती, उकळून गार केलेल्या विटेच्या तुकड्यावर पेरली होती आणि मिठाईच्या झाकणाच्या डब्यात ठेवली होती. तीन महिन्यांनी विटेवर शेवाळासारखा हिरवा पापुद्रा आला. त्यातून नखाएवढं पहिलं पान यायला वर्ष गेलं. झाड पोत्यातून उतरलं तेव्हा ते सहा वर्षांचं होतं. मॅडमना मूलबाळ नव्हतं. हे त्यांनी सेवकरामला कधी सांगितलं नाही, पण क्वार्टरमध्ये अशा गोष्टी सगळ्यांना माहीत असतात.

मॅडम हिंदीत बोलायच्या आणि सेवकराम आपल्या बोलीत उत्तर द्यायचा. त्यानं कुणाचंच अडलं नाही. झाडाचं सगळं त्या त्याला शिकवत गेल्या. ह्याचं खोड म्हणजे मुळांचाच गठ्ठा, म्हणून पाणी आधी खोडाला द्यायचं, मातीला नंतर. ऊन गाळून आलेलं चालेल, सरळ नको. हवा कोरडी झाली की पान कडेपासून जळतं. उन्हाळ्यात माथ्यावर फवारा मारायचा, आणि थंडीत मात्र माथा कोरडा ठेवायचा, कारण नवी पानं तिथूनच येतात.

पहिल्या उन्हाळ्यात झाड जवळजवळ गेलंच होतं. मग सेवकरामनं उत्तरेच्या व्हरांड्यात हिरवी जाळी बांधली, खोडाला ओलं पोतं गुंडाळलं आणि दिवसातून पाच वेळा पाणी फवारलं. दुसरा उन्हाळाही तसाच काढला. झाड वाढत गेलं, गुडघ्याला लागलं.

२०१८च्या मार्चमध्ये साहेबांची बदली उत्तरेकडे झाली. आठ दिवसांत निघायचं होतं. तिकडे फ्लॅट मिळणार होता, चौथ्या मजल्यावर. मॅडमनी दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी सेवकरामला बोलावून सांगितलं की झाड तुम्ही घेऊन जा. जगलं तर तुमच्या हाताला यश, नाही जगलं तरी मी काही म्हणणार नाही. बोलताना त्या झाडाकडे न बघता फाटकाकडे बघत होत्या.

झाड अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये होतं आणि दोन माणसांशिवाय हलत नव्हतं. फॅक्टरीच्या बसमध्ये ते घेतलं नसतं. सेवकरामला धनीराम आठवला. धनीराम कारध्याचा ढिवर, भंडाऱ्याच्या बाजारात मासे आणायचा. त्याच्याकडे तीनचाकी गाडी होती आणि ओल्या पोत्यांची कमी नव्हती. सकाळचे मासे उतरवून तो रिकामी गाडी घेऊन जवाहरनगरला आला. झाड बघून त्याला काही विशेष वाटलं नाही. त्यानं एवढंच विचारलं, की ह्याला वारा लागू द्यायचा नाही ना? मग त्यानं माशांवर घालतात तशी ओली पोती पानांवर हलक्या हातानं पसरली आणि दोन्ही बाजूंनी दोरी घेतली. सगळ्या रस्त्यात गाडी त्यानं सायकलच्या वेगानं चालवली.

झाड अंगणात उतरलं तेव्हा त्याला माशांचा वास येत होता. कौशल्याबाई दारात उभी राहून बघत होती.

"इथं कुठं ठेवनार हाय याले?" तिनं विचारलं.

सेवकराम वाटभर तेच ठरवत आला होता. घराच्या पुढच्या दोन खोल्यांवर टिनाचं छप्पर होतं. एप्रिलमध्ये तिथं माणूस कूलरशिवाय बसू शकत नव्हता. अंगणात सीताफळाचं एक झाड होतं, त्याची सावली विरळ. गारवा म्हणावा असा एकाच जागी होता, मागाच्या खोलीत. तिथं अजून कौलं होती, भुई शेणानं सारवलेली होती, आणि सूत तुटू नये म्हणून भुईवर पाणी शिंपडायची पिढ्यांची पद्धत होती. मागाच्या पुढे विणणाऱ्याला पाय सोडून बसायला कमरेएवढा खोल खड्डा होता. खड्ड्याच्या बरोब्बर वर, धागा नीट दिसावा म्हणून बसवलेलं काचेचं कौल होतं. ओल, गारवा आणि वरून मंद उजेड. रीता मॅडमनी झाडाला जे जे लागतं म्हणून सांगितलं होतं, ते सगळं त्या खड्ड्यात होतं.

पण मागावर एक साडी होती.

ती साडी दोन वर्षांपासून अर्धवट होती. करवती काठाच्या साडीला आडवं सूत नेणारे तीन धोटे लागतात, आणि एका बाजूच्या काठाचा धोटा फेकायला दुसरं माणूस शेजारी बसावं लागतं. सतरा वर्षं ते माणूस म्हणजे शेजारची शकुनबाई होती. दोघी सकाळी स्वयंपाक उरकून मागावर बसायच्या आणि दुपारी उठायच्या. एकमेकींच्या घरातलं सगळं दोघींना ठाऊक असायचं, न बोलताही. एका गुरुवारी शकुनबाई साडी निम्म्यावर सोडून डॉक्टरकडे गेली आणि महिन्याभरात वारली. त्यानंतर कौशल्याबाई मागावर बसली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. ते खरंही होतं. पण रोज सकाळी ती त्या खोलीत जायची, साडीवरचं फडकं झटकायची, पुन्हा पांघरायची आणि दार लावून घ्यायची.

म्हणून सेवकरामनं खड्ड्याचं नाव जेवताना काढलं तेव्हा आवाज खाली ठेवून काढलं. मागाचा सांगाडा सोडवून आढ्याला बांधून ठेवू, म्हणाला. मोडायचा नाही. पावसाळ्यात झाड बाहेर काढलं की परत लावता येईल.

कौशल्याबाईनं त्याच्या ताटात भात वाढला. "नाई," ती म्हणाली. त्यानं विषय सोडला.

मार्च कसाबसा गेला. एप्रिल लागला आणि वारा कोरडा झाला. सेवकरामनं अंगणात जाळी बांधली, खोडाला पोतं गुंडाळलं. तो कामाला गेला की दिवसभर पाणी घालायला घरी कौशल्याबाईच असायची. तिनं ते काम नाकारलं नाही. तो सांगून गेला होता तसं ती तासातासाला फवारा मारायची. पण पोतं अर्ध्या तासात खडखडीत व्हायचं. एका आठवड्यात खालची तीन पानं कडेनं तपकिरी होऊन गुंडाळली गेली. मग चौथं. संध्याकाळी सेवकराम घरी आला की सायकल टेकवायच्या आधी झाडाकडे जायचा, जळलेली पानं मोजायचा आणि तोंड धुवायला निघून जायचा.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यातल्या एका दुपारी कौशल्याबाई फवाऱ्याची बाटली घेऊन अंगणात उभी होती. तिनं एक पान हातात धरलं. हिरवं होतं, पण बोटांमध्ये कुरकुरलं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. उन्हाळ्यात खोली कोरडी राहिली की सूत बोटांत असंच कुरकुरायचं आणि पुढच्या धोट्याला तुटायचं. ती बराच वेळ तिथं उभी राहिली. मग तिनं आत जाऊन मागाच्या खोलीच्या भुईवर दोन बादल्या पाणी शिंपडलं.

सेवकराम घरी आला तेव्हा झाड अंगणात नव्हतं. तिनं शेजारच्या दोन पोरांना बोलावून ते मागाच्या खोलीत, मागाच्या बाजूच्या कोपऱ्यात ठेववलं होतं. साडीवरचं फडकं काढून घडी करून ठेवलेलं होतं.

"खड्डा मोकळा करून देतो," ती म्हणाली. "पन साडी कापून उतरवनार नाई. विनून उतरवीन."

सेवकराम म्हणाला की ते बरोबर आहे, पण काठाचा धोटा कोण फेकणार?

"तुमी फेका. काहून, इसरले का?"

तो विसरला नव्हता, पण माग सोडून त्याला एकोणीस वर्षं होत आली होती. त्यानं ठेकेदाराला सांगून दोन आठवडे सकाळची पाळी सोडली. पहाटे उजाडलं की दोघं मागावर बसायचे आणि ऊन चढेपर्यंत विणायचे. पहिल्या दिवशी त्याचा धोटा तीनदा खाली पडला. कौशल्याबाई थांबायची, तो उचलायचा, ती पुन्हा सुरू करायची. दुसऱ्या दिवशी एकदा पडला. चौथ्या दिवसापासून हात आपोआप चालायला लागला. तिच्या गुडघ्यांसाठी दर अर्ध्या तासानं उठावं लागायचं. ती भिंतीला धरून दोन फेऱ्या मारायची आणि त्या वेळात तो भुईवर पाणी शिंपडायचा. आता ते सुतासाठीही होतं आणि झाडासाठीही.

विणताना ती शकुनबाईबद्दल बोलायला लागली. दोन वर्षांत तिनं हे नाव घरात घेतलं नव्हतं. शकुनबाई विणताना चिंच चोखायची, असं ती म्हणाली. सुनेवर रागावली की धोटा जोरात फेकायची, त्यामुळे सुनेशी भांडण झालं की काठ घट्ट यायचा. सेवकराम ऐकत राहिला. एका सकाळी तिनं विणलेल्या भागावर बोट ठेवून दाखवलं, की इथपर्यंत तिचा हात हाय आणि इथून तुमचा. बघितलं तर खरंच फरक दिसत होता. आधीचा काठ एकसारखा होता, नंतरचा जरा लहरत गेला होता.

"उसवू का?" सेवकरामनं विचारलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

बाराव्या दिवशी साडी उतरली. कौशल्याबाईनं ती धुऊन, वाळवून, घडी घातली आणि शकुनबाईची मुलगी सत्यभामा मोहाडीला दिली होती तिच्याकडे स्वतः बसनं जाऊन देऊन आली. सत्यभामानं साडी उलगडली नाही, तशीच मांडीवर धरून बसली. चहा झाला, इकडचं तिकडचं बोलणं झालं. निघताना तिनं कौशल्याबाईचे पाय धरले आणि बस येईपर्यंत फाट्यावर उभी राहिली. घरी आल्यावर कौशल्याबाई म्हणाली की आता माग उचला.

धनीरामला परत बोलावलं. सांगाडा सोडवून आढ्याला बांधायला दोघांना एक सकाळ लागली. खड्ड्याच्या तळाला त्यांनी वाळू पसरली, ती पाण्यानं भिजवली आणि वर विटा मांडून ड्रम उतरवला. खोड खड्ड्यात राहिलं आणि पानं भुईच्या बरोबरीनं पसरली. खोलीत शिरल्यावर असं वाटायचं की जमिनीतूनच हिरवळ उगवली आहे. मे महिन्यात भंडाऱ्यात लोक रस्त्यावर निघत नव्हते, तेव्हा त्या खोलीत झाडाला दोन नवी पानं आली. पान येताना आधी मुठीसारखी केसाळ गुंडाळी वर यायची आणि मग आठ-दहा दिवसांत ती सावकाश सुटत जायची. कौशल्याबाई दुपारी तिथंच चटई टाकून झोपायला लागली. कूलरपेक्षा बरं वाटतं म्हणायची.

आषाढात झाड बाहेर काढलं, सीताफळाच्या आणि घराच्या भिंतीच्या मधे ठेवलं. माग मात्र आढ्यालाच बांधलेला राहिला. दिवाळीपर्यंत त्याची पानं एवढी वाढली की येणाराजाणारा फाटकाशी थांबून विचारायचा. सेवकराम दर महिन्याला फोटो काढून रीता मॅडमला पाठवायचा आणि मॅडम उत्तरात हात जोडलेलं चित्र पाठवायच्या.

चूक डिसेंबरमध्ये झाली. उन्हाळा निघाला म्हणजे सगळं निघालं, असं सेवकरामला वाटत होतं. इकडे थंडी असते ती शाल घेण्यापुरती. झाड तर थंड डोंगरातलं. पण त्या वर्षी महिन्याच्या शेवटी लाट आली. पेपरात रोज पारा उतरल्याचं येत होतं. बाजारात चौकाचौकांत शेकोट्या पेटत होत्या. त्या दिवसांत एका संध्याकाळी, सवयीनं, त्यानं झाडाच्या माथ्यावर पाण्याचा डबा ओतला. दुसऱ्या सकाळी तो बाहेर आला तर सगळी पानं उकडलेल्या भाजीसारखी लोंबत होती. तीन दिवसांत ती काळी पडली. बारा पानं होती, बाराही गेली.

सेवकराम दारातल्या पायरीवर बसला. मॅडमनी अगदी पहिल्या वर्षी सांगितलं होतं, थंडीत माथा कोरडा ठेवायचा. ते त्याच्या पक्कं लक्षात होतं, फक्त त्या संध्याकाळी नव्हतं. चहा आणून ठेवला तो निवला. तो म्हणाला की फोन करून सांगून टाकतो, झाड मेलं.

कौशल्याबाईनं ते ऐकलं. ती झाडाजवळ जाऊन वाकली, माथ्यावरच्या काळ्या देठांमधून दोन बोटं आत घातली आणि हळूहळू चाचपत राहिली. हातावर पातळ तपकिरी लव चिकटली.

"मधात घट्ट हाय," ती म्हणाली. "सडलं असतं तं बोट आत गेलं असतं. फोन करा, पन मेलं म्हनून नका सांगू. काय करायचं ते इचारा."

फोन लागला. मॅडमनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. त्या म्हणाल्या की लहानपणी आमच्याकडे बर्फासारखं दव पडायचं, तेव्हा वडील बागेतल्या फर्नच्या माथ्यात कोरडं गवत दाबून भरायचे आणि वरून पोतं बांधायचे. काळी पानं कापू नका, ती वरच्या बाजूला दुमडून बांधा, तीच पांघरूण होतील. पाणी फक्त खोडाला द्या आणि तेही दुपारी. आणि दोन महिने आशा सोडू नका.

कोरडं गवत म्हणजे इकडे तणीस. कौशल्याबाईचं माहेर पवनीकडे आसगावला, भाताचं गाव. तिच्या भावाची मळणी नुकतीच झाली होती. तिनं निरोप दिला आणि दुसऱ्या दिवशी गावच्या एका मोटारसायकलवरून तणसाचा भारा आला, भंडाऱ्याच्या घराला पुरून उरेल एवढा. दोघांनी मिळून माथा भरला. ती मूठमूठ तणीस दाबून बसवायची, तो काळी पानं दुमडून वर धरायचा. मग पोत्याची टोपी घालून सुतळीनं बांधलं आणि झाड पुन्हा खड्ड्यात उतरवलं. दिसायला ते बुजगावण्यासारखं दिसत होतं.

जानेवारी तसाच गेला. सेवकराम रोज दुपारी पोत्याखाली हात घालून खोडाला तांब्याभर पाणी द्यायचा. टोपी सोडून बघायचा मोह त्याला अनेकदा झाला. कौशल्याबाईनं सुतळीला अशी गाठ मारली होती की ती सोडली तर तिला कळलं असतं. जवाहरनगरला कामावर असताना तो त्या जुन्या क्वार्टरवरून जायचं टाळायचा. तिथं आता दुसरे साहेब होते आणि व्हरांड्यात सायकली ठेवलेल्या असायच्या.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात उन्हाला ऊब आली. एका रविवारी कौशल्याबाईनं स्वतःच गाठ सोडली. तणीस वरून कोरडं होतं. खालचं जरा दमट होतं, पण वास नव्हता. तिनं ते चिमटीचिमटीनं बाहेर काढलं. तळाशी, काळ्या देठांच्या मधे, पाच केसाळ मुठी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. रंग तांबूस, टोकाला हिरवट. सेवकराम खड्ड्याच्या काठावर बसला होता. त्यानं वाकून बघितलं आणि डोळ्यांवरून हात फिरवला.

"पाच हायेत," कौशल्याबाई म्हणाली. "दोन अजून खाली असतीन."

त्यानं फोन काढला, पण बोटं तणसाच्या धुळीनं भरलेली होती म्हणून तिनंच तो घेतला आणि नंबर लावला. रीता मॅडम आणि ती आजवर कधीच बोलल्या नव्हत्या. एक मोडकी हिंदी बोलत होती आणि दुसरी सावकाश हिंदी बोलत होती. कौशल्याबाईनं मुठी मोजून सांगितल्या, रंग सांगितला, तणीस किती दमट होतं ते सांगितलं. मॅडमनी विचारलं, की तुम्ही रोज त्याच्याजवळ बसता का?

"दुपारी बसतो जी," कौशल्याबाई म्हणाली. "तिथं बरं वाटते."

मॅडम म्हणाल्या की मग मला काळजी नाही. खोड आता जाड झालं असेल, उन्हाळा लागायच्या आत मोठा ड्रम लागेल.

सोमवारी सेवकरामनं सुट्टी घेतली आणि दोघं भंगारच्या दुकानात गेली. ड्रम कौशल्याबाईनं निवडला. आधी तिनं तो वाजवून बघितला, मग आत हात घालून गंज तपासला, आणि दोन नाकारून तिसरा घेतला.